विमान दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरला इंग्रजी किती यावं लागतं?

बारावी सायन्सनंतर एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे एएमई व्हायचं अनेकांच्या डोक्यात असतं. पण मराठी मीडियमची मुलं एका गोष्टीला बिचकतात, ती म्हणजे इंग्रजी. पाना फिरवायला इंग्रजी कशाला लागतं?

तर विषय असा आहे की, विमानाचं काम सवयीने किंवा अंदाजाने करता येत नाही. मॅन्युअलमध्ये जसं लिहिलंय तसंच, त्याच क्रमाने करावं लागतं. आणि ही मॅन्युअल्स असतात इंग्रजीत. म्हणूनच कागदपत्रं ज्या भाषेत आहेत, ती भाषा समजण्याइतपत वाचता, लिहिता आणि बोलता यावी, अशी अट डीजीसीएच्या लायसन्सच्या नियमांतच आहे.

पण इंग्रजीची ही अडचण फक्त आपली नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी युरोपातल्या एअरलाइन्सनीच विमान बनवणाऱ्यांकडे सोप्या इंग्रजीची मागणी केली. त्यातून १९८६ मध्ये एक नियमावली आली. आज ती 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' म्हणून ओळखली जाते.

यात तांत्रिक नावं सोडली तर मंजूर शब्द साधारण ९००. सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं. आणि एका शब्दाचा शक्यतो एकच अर्थ. उदाहरणार्थ 'रिप्लेस'. साध्या इंग्रजीत याचा अर्थ काढलेला भाग परत बसवणं असाही होतो आणि नवा बसवणं असाही. खराब फिल्टरच्या बाबतीत हा गोंधळ महागात पडेल. म्हणून इथे 'रिप्लेस' म्हणजे जुना काढून नवा किंवा वापरण्यायोग्य भाग बसवणं, एवढंच.

तसंच 'वॉर्निंग' आणि 'कॉशन'. आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात. पण मॅन्युअलमध्ये वॉर्निंग म्हणजे माणसाच्या जिवाला धोका आणि कॉशन म्हणजे विमानाचं किंवा उपकरणाचं नुकसान.

वाचून झालं की लिहिणं येतं. पायलटने नोंदवलेला बिघाड, त्यावर केलेलं काम, मॅन्युअलचा संदर्भ, हे सगळं नेमकं लिहून मग एएमई सही करतो. रात्रपाळीत अर्धवट राहिलेलं काम सकाळी दुसऱ्याच्या हातात जातं, तेव्हा त्याला आधार असतो तो याच नोंदींचा.

थोडक्यात, एएमईला फाडफाड इंग्रजी बोलता आलंच पाहिजे असं नाही. पण वाचलेल्या वाक्याचा अर्थ शंभर टक्के कळला पाहिजे, आणि कळला नाही तर सही करण्याआधी विचारता आलं पाहिजे. कारण त्या सहीवरच विमान उडतं.