पाणंदीवरची सायकल

खडी-मातीच्या, वर्दळ नसलेल्या वाटांवर सायकल चालविण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत इतका रुजला आहे, की २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यासाठी सुमारे ४० मिलिमीटर रुंद टायरच्या महागड्या सायकली मिळतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा दीड इंची टायर जवळपास तेवढाच रुंद असतो!

वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या गावात अशी वाट म्हणजे पाणंद. पावसाळ्यात मात्र तेथील काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते, की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. मुरूम पडला, की तीच वाट बारमाही होते. पाणंदींच्या मजबुतीसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली.

दिवसभर पेढीवर बसणाऱ्यांनी पहाटे ट्रकच्या धुरात फिरण्यापेक्षा हा मार्ग धरावा. टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवावी. खरी अडचण अतिक्रमणाची. दरवर्षी नांगराचे एकेक तास पुढे सरकते आणि गाडीवाटेची पायवाट होते. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. अडविलेली वहिवाट मोकळी करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारांना दिला आहे. हळद काढणीच्या दिवसांत मात्र ट्रॅक्टरला आधी वाट द्यावी.