आधी बूड, मग मोटर

उन्हाळा सरत आला की अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या तळ्यांच्या राज्यांत घरांपुढच्या हिरवळीवर ट्रेलरसकट होड्या उभ्या दिसू लागतात. पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत ‘विकणे आहे’ आणि खाली फोन नंबर. त्यांतली सर्वांत साधी होडी म्हणजे ‘जॉन बोट’. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, बुडाला सपाट, नाळेकडे निमुळती न होता चौकोनीच संपणारी, बारा ते सोळा फुटांची. उन्हाळ्यात ती वॉलआय, बास असल्या माशांसाठी तळ्यात उतरते. शरदात तिच्याच कडांना बोरू-गवत बांधून मालक बदकांच्या शिकारीला निघतो. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तिकडे परवाना, ठरलेला हंगाम आणि माणशी ठरवून दिलेली पक्ष्यांची संख्या, एवढ्या चौकटीत ती चालते.)

जाहिरातीचा मजकूर साधारण असा असतो: ‘१४४८, २५ हॉर्सपॉवर मोटरसह’. बघायला आलेला माणूस सरळ मोटरीकडे जातो. झाकण काढतो, दोरी ओढतो, आवाज ऐकतो. विकणाराही मोटरच दाखवतो, कारण ती धूर सोडते, गुरगुरते, काहीतरी करून दाखवते. होडी बिचारी गप्प पडलेली असते. माझ्या मते ही तपासणीच उलटी आहे. मोटर बिघडली तर बदलता येते, ‘१४४८’मधला ४८ बदलता येत नाही. पहिले दोन अंक लांबीचे फूट सांगतात, पुढचे दोन बुडाच्या रुंदीचे इंच. होडीचा स्वभाव बराचसा या मागच्या दोन अंकांत असतो.

होडी तरंगते ती आर्किमिडीजच्या तत्त्वाने, हे शाळेत शिकून झालेलं असतं. तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढं प्लावक बल तिला वर ढकलतं. पण तरंगणं वेगळं आणि सरळ राहणं वेगळं. होडी एका अंगाला कलली की त्या बाजूचं बूड जास्त पाण्यात जातं, दुसऱ्या बाजूचं वर येतं आणि प्लावक बलाची रेघ कललेल्या बाजूकडे सरकते. ही सरकलेली रेघ होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. होडी, माणसं आणि सामान यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, तो या बिंदूच्या खाली असेल तोवर होडी आपणहून सरळ होते. दोघांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढी होडी ठाम.

आता गंमत अशी, की वजन आणि लांबी तीच ठेवली, तर मेटासेंटरची उंची मुख्यतः रुंदीच्या घनाप्रमाणे वाढते. ३६ इंची बुडाऐवजी ४८ इंची घेतलं तर रुंदी वाढते एक-तृतीयांशाने, पण तिचा घन होतो जवळजवळ २.४ पट. कागदावर ढोबळ हिशेब करून बघू. चौदा फुटी होडी, दोन माणसं, एक कुत्रा, मोटर, बॅटरी, बाकीचं सामान. सगळं मिळून ३५० किलो. ३६ इंची होडीत मेटासेंटर येतो बुडापासून सुमारे पाऊण मीटरवर, ४८ इंची होडीत दीड मीटरच्याही वर. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण ६० सेंटिमीटरवर असतो, उभा राहिला की मीटरभर. दोघंही एकदम उभे राहिले, की अरुंद होडीत मेटासेंटर आणि एकूण गुरुत्वमध्य यांच्यात उरतात जेमतेम बारा सेंटिमीटर. तशात एकाने मासा ओढताना आपलं ८० किलोचं अंग वीतभर बाजूला झुकवलं, तर होडी हिशेबाने वीस अंशांच्या आसपास कलते. प्रत्यक्षात त्याच्या आधीच बुडाची एक कड पाण्याबाहेर येते, टेकायला कमी रुंदी उरते आणि मामला आणखी बिघडतो. हेच ४८ इंची होडीत केलं तर कल दोन-अडीच अंश. एका फुटाच्या फरकाने हे होतं.

म्हणून होडी बघायला जाताना खिशात टेप असावी. मालकाने सांगितलेली रुंदी बऱ्याचदा वरच्या कडांची असते, कारण बाजू बाहेर फाकलेल्या असतात आणि तो आकडा मोठा दिसतो. मोजायची ती खालची, पाण्यावर टेकणारी.

शिकाऱ्याला मात्र अरुंद, बुटक्या बाजूंच्या होडीचा मोह असतो. ती गवतात लपते, दलदलीत खेचायला हलकी जाते. मासेमाराला उभं राहून गळ फेकायचा असतो, त्याला रुंदी हवी. एकाच होडीकडून दोन्ही कामं करून घ्यायची असतील तर मी मासेमाराच्या बाजूने कौल देईन, आणि त्याचं कारण बंदूक आहे. बारा बोअरच्या काडतुसातून साधारण ३५ ग्रॅम छरे सेकंदाला चारशे मीटरहून अधिक वेगाने सुटतात. त्या धक्क्याने ३५० किलोची होडी मागे सरकते ती सेकंदाला पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे नगण्य. पण हा धक्का उभ्या माणसाच्या खांद्यावर, बुडापासून जवळजवळ दीड मीटर उंचीवर बसतो, आणि तोल सावरायला तो माणूस एक पाऊल मागे टाकतो. ते पाऊल महाग पडतं. त्याच क्षणी ३० किलोचा लॅब्राडोर बदकाकडे झेप घेतो. होडीच्या तळाशी थोडं पाणी साचलेलं असेल तर तेही वाहत खालच्या अंगाला जमतं आणि भर घालतं. सपाट बुडावर पाण्याला अडवायला काहीच नसतं.

सपाट बुडाचा फायदा उघड आहे. वर धरलेलं ३५० किलो वजन घेऊन ४८ इंची होडी पाण्यात जेमतेम चार बोटं बुडते, म्हणून ती बोरूच्या बेटांत, गुडघाभर पाण्यात कुठेही जाते. याची किंमत लाटांत मोजावी लागते. व्ही आकाराचं बूड लाट चिरत जातं, सपाट बूड तिच्यावर आपटतं. मोठ्या, मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला धावायला जितकी लांब वाट मिळेल तितकी लाट मोठी होते. उजनीच्या जलाशयात मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्याने प्रवासी होडी उलटून सहा जणांचा जीव गेला, तिथेही पाणी गोडंच होतं. ‘तळंच तर आहे’ हा दिलासा खोटा आहे.

अमेरिकेत या बाबतीत ११ नोव्हेंबर १९४० ची आठवण अजून निघते. पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीचा तो सुटीचा दिवस. सकाळ उबदार होती, शिकारी पातळ कपड्यांत मिसिसिपीच्या फाट्यांवर गेले होते. १९३० च्या दशकात नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यांनी तिथे मैल-मैल रुंदीचं उथळ पाणी पसरलेलं होतं. दुपारपर्यंत वारा सुटला, पारा घसरला, बर्फ पडू लागलं. वादळाच्या पुढे पळणाऱ्या बदकांचे थवेच्या थवे आले आणि काही जण त्या नादात थांबले. मग छोट्या होड्यांना परतण्याजोगं पाणीच राहिलं नाही. कित्येक जण बुडाले, कित्येक बेटांवर गोठले. त्या वादळाने अमेरिकेच्या मध्य भागात दीडशेच्या आसपास बळी घेतले आणि त्यांत बदकांचे शिकारी मोठ्या संख्येने होते.

गार पाण्यात पडलेल्या माणसाचं काय होतं, हे कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांनी सोप्या आकड्यांत बसवलं आहे: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, कारण अंगाला गारठा लागताच आपोआप धाप लागते आणि तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपतं. पुढची दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे थंडीने मरण्याआधी माणूस बोटं न चालल्यामुळे बुडतो. लाइफ जॅकेट अंगात हवं ते यासाठी, आणि उलटलेली किंवा पाण्याने भरलेली होडी तरंगत राहायला हवी तीही यासाठीच. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक आउटबोर्ड होड्यांना अशी सक्ती आहे, की पाण्याने भरल्यावरही त्या सपाट तरंगल्या पाहिजेत. त्यासाठी बाकांखाली फोम भरतात.

जुन्या होडीतली खरी फसवणूक या फोममध्ये लपलेली असते. नवा फोम वजनाने नगण्य असतो. एका लिटरमागे जवळजवळ एक किलो उचलतो. पण वीस-तीस वर्षं ओलाव्यात राहून, हिवाळ्यात गोठून आणि वितळून त्याच्या पेशी फुटतात आणि तो पाणी पितो. समजा बाकांखाली दीडशे लिटर फोम आहे आणि निम्म्यात पाणी शिरलं. तिकीट न काढता ७५ किलोचा एक प्रवासी कायम होडीत बसला, आणि संकटात वर उचलणारं बळही निम्मं झालं. बाहेरून यातलं काही दिसत नाही. उपाय सोपा आहे, पण कुणी करत नाही: ट्रेलरसकट होडी वजनकाट्यावर न्यावी, मग नुसता ट्रेलर तोलावा, आणि होडीचं वजन कंपनीच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून बघावं. मोटर आणि नंतर बसवलेल्या फळ्यांचं वजन वजा करूनही पन्नास किलो जास्त भरत असतील, तर ते पाणी आहे.

पत्र्याचं म्हणाल तर वय ऐकून घाबरायचं कारण नाही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिपातळ थर आपोआप धरतो, ओरखडा पडला की पुन्हा धरतो. होड्यांसाठी बरेचदा वापरतात त्या ५०५२ या मिश्रधातूत अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं आणि ते गोड्या पाण्यात दशकानुदशकं टिकतं. फक्त होडी समुद्रात किंवा खाडीत वापरली आहे का, हे विचारावं. समुद्राचं पाणी तळ्याच्या पाण्यापेक्षा शंभर पटीने जास्त वीजवाहक असतं, आणि दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजण्याचा वेग त्यावर ठरतो. घरी केलेल्या सुधारणांकडेही संशयाने बघावं. मालकाने हौसेने प्लायवूडची जमीन ठोकून वर गालिचा चिकटवला असेल, तर तो कोपऱ्यातून उचलून बघावा. वाळवी-बुरशी लागू नये म्हणून अशा प्लायवूडमध्ये बहुधा तांब्याचे क्षार मुरवलेले असतात. ओल्या फळीतून ते तांबं पत्र्यावर उतरतं आणि पत्र्याला भोकं पाडतं. गालिच्याखाली हवा पोचत नाही, त्यामुळे ऑक्साइडचा थरही नीट भरून येत नाही. पांढरी, खडूसारखी भुकटी दिसली की समजावं.

पत्रा दमतो तो आपटून. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्या खालचे धक्के ते जवळजवळ अमर्याद काळ सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हिसका कुठेतरी जमा होत राहतो. म्हणून होडीचं वय तिने खाल्लेल्या धक्क्यांत मोजावं लागतं. तडे येतात ते बुडाच्या आतल्या आडव्या पट्ट्यांशी आणि मागच्या कोपऱ्यांत. रिव्हेटही तिथेच ढिले होतात. ते शोधायची जुनी पद्धत म्हणजे होडी ट्रेलरवर नीट टेकवून आत दोन-तीन इंच पाणी ओतायचं आणि खाली वाकून बघायचं. (त्याहून जास्त नको, तेवढंच पाणी तीन-चारशे किलो होतं.) आधी एका रिव्हेटच्या डोक्याभोवती ओल दाटते, मग थेंब धरतो, मग शेजारच्या दोघांना. खडूने गोल करत जावं. चार-सहा गोल निघाले तर काही बिघडत नाही. एकाने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची, रिव्हेट परत घट्ट बसतो. ओळच्या ओळ गळत असेल, तर होडी तिथेच सोडावी.

मागची आडवी फळी, जिला ट्रान्सम म्हणतात, तिच्या आत बहुतेक होड्यांत लाकूड असतं आणि सगळी मोटर तिच्यावर लटकते. मोटरचा खालचा पाय धरून वर-खाली हलवावा. फळी वाकताना दिसली किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर लाकूड कुजलंय. हे वाईट वाटतं, पण दुरुस्तीत सर्वांत सोपं आहे. घासाघीस करायला तर उत्तमच.

आता मोटर बघायला हरकत नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून अखंड पडते का, गिअरचं तेल दुधाळ झालंय का, सगळ्या सिलिंडरांचा दाब जवळपास सारखा आहे का, एवढं मेकॅनिककडून तपासून घ्यावं. त्याआधी ट्रान्समच्या उजव्या अंगाला कोरलेला बारा अक्षरांचा नंबर कागदपत्रांशी जुळवावा, आणि आत चिकटवलेली क्षमतेची पट्टी वाचावी. नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या, वीस फुटांखालच्या अशा होड्यांवर ती सक्तीची आहे. किती माणसं, किती पौंड, किती हॉर्सपॉवर, हे तीन आकडे तिच्यावर असतात. पट्टीवर २५ लिहिलंय आणि मागे ४० ची मोटर लटकतेय असं दिसलं, तर ती होडी वर्षानुवर्षं लाटांवर आपटत हाकलली गेली आहे. मग खडू पुन्हा हातात घ्यावा आणि बुडाचे पट्टे-रिव्हेट दुसऱ्यांदा, सावकाश तपासावेत.