लग्नातलं खाऊचं टेबल: गटाने काम घ्यायचं तर आधी हिशेब मांडा



हल्ली लग्नात जेवणाच्या मांडवाशेजारी एक वेगळं टेबल दिसतं. त्यावर बरण्या, परड्या, रंगीत गोळ्या, चॉकलेटं, आणि भोवती लेकरांची गर्दी. कोणी याला चॉकलेट काउंटर म्हणतं, कोणी कँडी काउंटर. आपण खाऊचं टेबल म्हणू.

ही पद्धत बाहेरून आली असं वाटतं, पण लग्नात गोड वाटणं आपल्याला नवं नाही. लग्न ठरल्यावर आपण जो कार्यक्रम करतो त्याचं नावच साखरपुडा. म्हणजे साखरेचा पुडा. बत्तासे, साखरफुटाणे, रेवड्या हा आपल्या आज्यांच्या वेळचा खाऊच होता. फरक इतकाच, की आता तो टेबलावर मांडून ठेवतात आणि त्याचे पैसे बऱ्याचदा शहरातल्या केटररच्या खिशात जातात.

हे काम आपला गट करू शकतो. लाडू, चिक्की, गोळ्या आपल्याला येतात. माल आपल्या जंगलात आणि शेतात आहे. पण काम घ्यायच्या आधी चार गोष्टी नीट समजून घ्या: काय ठेवायचं, किती करायचं, कसं मांडायचं आणि किती पैसे घ्यायचे. चौथी गोष्ट चुकली तर पहिल्या तिन्हींची मेहनत वाया जाते.

काय ठेवायचं

आपल्याकडची बरीच लग्नं उन्हाळ्यात होतात. चॉकलेट साधारण 34 अंशांच्या आसपास वितळायला लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. मांडवात ठेवलेलं चॉकलेट तासाभरात कागदाला चिकटणार, लेकरांचे नवे कपडे खराब होणार. म्हणून उन्हात टिकेल तेच ठेवा.

शेंगदाण्याची आणि तिळाची चिक्की. एक किलो भाजलेल्या शेंगदाण्याला साधारण एक किलो गूळ लागतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बघा. कडक होऊन कट्‌कन मोडला, की पाक झाला. ताणला गेला तर अजून थांबा, नाहीतर चिक्की दाताला चिकटेल. चिक्की गार झाल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून उघडी राहिलेली चिक्की मऊ पडते.

मोहाचे लाडू. ही आपली खरी ओळख. वाळलेली मोहफुलं निवडायची, आतले केसर चोळून काढायचे, पटकन धुऊन पुन्हा कडक वाळवायची. मग मंद आचेवर खमंग भाजून कुटायची. त्यात भाजलेले तीळ आणि शेंगदाण्याचं कूट घालायचं. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते, म्हणून गूळ बेताचाच लागतो. वर एकेक चारोळी लावली की लाडू दिसतोही छान.

पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात: "मोहाचा लाडू खाल्ला तर चढते का?" नाही. फूल भिजवून, आंबवून, त्याचं पाणी भट्टीवर चढवलं तरच दारू होते. भाजलेल्या फुलाच्या लाडवात दारू नसते. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि त्यासाठी बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. तेव्हा मोह म्हणजे फक्त दारू नाही, तो अन्न आहे, हे सांगणं आपलंच काम आहे. टेबलावर उभ्या राहणाऱ्या ताईला हे उत्तर पाठ असलं पाहिजे.

आवळा कँडी आणि चिंचेच्या गोळ्या. यांची तयारी लग्नाच्या आठवड्यात होत नाही. आवळा हिवाळ्यात येतो. तेव्हाच उकडून, साखरेत मुरवून, वाळवून बरणीत भरून ठेवला, तर एप्रिल-मे महिन्यात कामी येतो. चिंच उन्हाळ्याच्या तोंडावर उतरते. ती गूळ, मीठ, जिरेपूड घालून कोरड्या हाताने वळायची आणि पिठीसाखरेत घोळवायची.

प्राणहितेपलीकडून, तेलंगणातून वऱ्हाड येणार असेल तर अनारशांचाही विचार करा. तांदूळ-गुळाचा तसाच पदार्थ तिकडे अरिसेलु म्हणून घरोघरी करतात. पाहुण्यांना ओळखीचं काही दिसलं की बरं वाटतं.

बाजारातल्या वेष्टनातल्या गोळ्या थोड्या ठेवा, कारण लेकरं त्या मागतातच. भडक रंगाच्या सुट्या गोळ्या मात्र घेऊ नका. त्यात कोणता रंग घातलाय ते आपल्याला कळत नाही.

किती करायचं

लोक जेवून आलेले असतात. म्हणून एका माणसामागे 40 ग्रॅम धरा. म्हणजे लिंबापेक्षा लहान एक लाडू 20 ग्रॅमचा, चिक्कीचा एक तुकडा 15 ग्रॅमचा आणि गोळ्या 5 ग्रॅम. लेकरं जास्त घेतील, म्हातारी माणसं कमी घेतील, सरासरी जमते.

300 पाहुण्यांना 12 किलो माल लागतो: लाडू 6 किलो, चिक्की साडेचार किलो, आवळा-चिंच आणि गोळ्या मिळून दीड किलो. लाडवांत निम्मे मोहाचे, निम्मे तिळाचे करा. मोहाचा लाडू पहिल्यांदाच बघणारे आधी बिचकतात. पत्रिका किती वाटल्या ते विचारू नका. स्वयंपाक किती पानांचा सांगितलाय ते विचारा. तो आकडा खरा असतो.

कसं मांडायचं

टेबल सावलीत लावा. चुलीपासून आणि जनरेटरपासून लांब ठेवा. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. प्रत्येक परातीवर जाळी हवीच. सगळा माल एकदम मांडू नका. थोडा ठेवा, संपला की पुन्हा भरा. उरलेला डब्यात स्वच्छ राहतो आणि तोच पुढे वापरता येतो.

सजावटीला पैसे घालू नका. आपल्याकडच्या बांबूच्या टोपल्या आणि सुपल्या धुऊन, आत स्वच्छ पांढरा कागद अंथरला की काचेच्या बरण्यांपेक्षा छान दिसतात. फुटायची भीतीही नाही. वाढायला पळसाच्या पानांचे लहान द्रोण वापरा. वर्तमानपत्रात काहीही बांधू नका. छपाईची शाई खाण्याला लागते आणि ती शरीराला घातक असते.

टेबल जेवणं सुरू झाल्यावरच उघडा. आधी उघडलं तर लेकरं गोडानेच पोट भरतात आणि ताटातलं अन्न वाया जातं. टेबलावर दोन ताया उभ्या राहाव्या. डोक्याला रुमाल, नखं कापलेली, हातात चिमटा किंवा चमचा. पाहुण्यांनी परातीत हात घालायचा नाही, आपण द्रोणात घालून द्यायचं. पैसे घेणारा हात आणि खाऊ देणारा हात वेगळा असावा.

एक गोष्ट जिवाची आहे. पाच वर्षांखालच्या लेकराला कडक गोळी किंवा अख्खा शेंगदाणा देऊ नका. घशात अडकतो आणि श्वास कोंडतो. त्याला मऊ लाडूचा तुकडा द्या, आणि तोही आईसमोर.

किती पैसे घ्यायचे

आता हिशेब. खालचे भाव उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही आपल्या बाजाराचे भाव घाला, पण एकही ओळ गाळू नका.

कच्चा माल: 2,000 रुपये
गॅस किंवा सरपण: 200 रुपये
द्रोण, कागद: 300 रुपये
गाडीभाडं: 400 रुपये
मजुरी: 6 रोज, दर 350 प्रमाणे: 2,100 रुपये
एकूण खर्च: 5,000 रुपये
गटाचा नफा: 1,000 रुपये
घ्यायची रक्कम: 6,000 रुपये, म्हणजे पाहुण्यामागे 20 रुपये

सहा रोज कसे? चार ताया एक दिवस माल करतात, दोन ताया लग्नाच्या दिवशी टेबल सांभाळतात. आवळा कँडी हिवाळ्यात केली असली तरी तिची किंमत मालात धरायची. घरचा आवळा, घरचे तीळ असले तरी बाजारभावानेच धरायचे. ते बाजारात विकले असते तर पैसे आलेच असते.

आता बघा, आपण कुठे फसतो. समोरचा म्हणतो, "ताई, 4,000 मध्ये करून द्या, आपलंच घर आहे." आपण मनात हिशेब करतो: माल, गॅस, द्रोण, गाडी मिळून 2,900 झाले, म्हणजे 1,100 उरले. आनंदाने हो म्हणतो. पण मजुरीचे 2,100 कुठे गेले? ते धरले तर 1,000 रुपयांचा तोटा आहे, आणि तो तोटा सहा बायकांच्या अंगावर बसला. वहीत दिसला नाही, इतकंच. आपली मेहनत फुकट धरायची सवय घरातून लागते आणि तीच सवय आपण धंद्यात आणतो. म्हणून मजुरीची ओळ आधी लिहा, मग बाकीच्या.

अर्धे पैसे काम ठरताना घ्या आणि बाकीचे टेबल उचलायच्या आधी. गावातल्या माणसाकडे पैसे मागायला जीव धजत नाही हे खरं. मग तो नियम बैठकीत ठराव करून लिहून ठेवा. "गटाचा नियम आहे" असं म्हटलं की एकीवर वाईटपणा येत नाही. पंचसूत्रीत नियमित हिशेब लिहिणं आहे ते याचसाठी.

नोंदणी

खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखाली गटाची नोंदणी लागते. छोट्या उद्योगांसाठी ती सोपी आणि कमी खर्चाची आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो. सेवा केंद्रातून भरलात तर पावती घ्या. मिळालेला 14 अंकी क्रमांक टेबलावर पाटीवर लिहा. पुड्या बांधून विकणार असाल तर त्यावर पदार्थाचं नाव, त्यात काय घातलंय, वजन, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावं हेही छापायला हवं. अडलं तर आपल्या प्रभागसंघाला विचारा.

कोणाला नाही म्हणायचं

शेवटची गोष्ट धंद्याच्या उलटी वाटेल, पण ती आपल्यासारख्या गटानेच बोलायची आहे. आपल्या गटांतून लग्नासाठी कर्ज घेतलं जातं हे आपण सगळ्या जाणतो. खाऊचं टेबल ही हौस आहे. ती परवडणाऱ्याने करावी. पण उद्या गावातल्या दोन लग्नांत टेबल दिसलं, की तिसऱ्या मुलीच्या आईला वाटेल, आपण नाही ठेवलं तर लोक काय म्हणतील. आणि वरपक्षाने "टेबल पाहिजेच" असं सांगितलं, तर ती हौस राहिली नाही, मागणी झाली.

म्हणून दोन नियम करा. एक, आपल्याच गटातून लग्नासाठी कर्ज काढलेल्या ताईला मोठं टेबल विकायचं नाही. तिला लहान बेत सांगा: फक्त लेकरांसाठी एक परात. 60 लेकरांना प्रत्येकी एक लाडू आणि एक चिक्की, म्हणजे दोन किलोच्या आसपास माल. दोन, वरपक्षाच्या अटीवरून आलेलं काम घ्यायचं नाही. एक काम गेलं तरी चालेल. ते टेबल ज्या कर्जातून उभं राहील, त्याचा हप्ता आपल्याच बैठकीत थकणार आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आधी 50 माणसांच्या एखाद्या नामकरणाच्या किंवा वाढदिवसाच्या कार्यक्रमात करून बघा. त्या दिवशीचा खर्च आणि मजुरी ओळीने वहीत लिहा. तो हिशेब जुळला तर लग्नाचं काम घ्या, नाही जुळला तर भाव बदला. आवळ्याचा हंगाम हिवाळ्यात आहे, लग्नं उन्हाळ्यात आहेत. मधला वेळ तयारीला पुरतो.