वाड्याच्या सहलीतला शेतीचा धडा

इंग्लंडात नॉरफोक परगण्यात होल्कम हॉल हा अठराव्या शतकातला वाडा आहे. तो आजही कोक घराण्याकडेच आहे. तिथे शाळांच्या सहली येतात. पोरं नुसती दालनं बघत नाहीत, शेतीचा इतिहासही शिकतात. १७७६ साली वारसा मिळालेल्या थॉमस विल्यम कोक यांनी गहू, सलगम, सातू, क्लोव्हर या फेरपालटीचा प्रसार केला. क्लोव्हर द्विदल, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते.

आम्ही शिवारात फिरतो तर खोडव्यावर खोडवा! जमीन थकली की टनेज घटणारच. तेव्हा खोडवा मोडल्यावर ताग घ्या, फुलोऱ्यावर येताच गाडा. उद्या शाळेची सहल आपल्या बांधावर आली, तर दाखवायला जमीन जिवंत हवी.