कोयत्याला जोर नको असतो

मागच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमच्या गटाकडे शाळेमागची झुडपं काढायचं काम आलं. गटात खेड्यातली मी एकटीच. "आणा इकडं तो कोयता, आमच्या घरी रोजचाच आहे," असं म्हणत मी पुढे झाले. घाणेरीची चार-पाच झुडपं सपासप आडवी झाली. सगळे बघायला लागले, तसा मलाही चेव आला. एका वाळक्या जाड फांदीवर मी होता नव्हता तेवढा जोर लावून घाव घातला. पातं गाठीवर आपटून घसरलं ते थेट माझ्या बुटात. पाय वाचला, बूट गेला.

घरी आज्जीनं बूट बघितला. रागावली नाही. "मारलीस नव्हं? कोयता मारायचा नसतंय गं, सोडायचा असतंय," एवढंच म्हणाली. त्याचा अर्थ कळायला मला पुढची सगळी सुट्टी लागली. आपल्यातले बरेच जण ट्रेकला जातात, काही जण ऑनलाइन मागवलेली चकचकीत मॅशेटीही नेतात. म्हणून मला जे कळलं ते इथं सांगते.

आधी कोयत्याचा आकार बघा. आमच्या खानापूर भागातलं पातं वीतभराहून थोडं मोठं, मुठीजवळ अरुंद, पुढे रुंद आणि टोकाला चोचीसारखं आत वळलेलं. धार आतल्या बाजूला. पातं बोटावर तोलून बघितलं, की वजन पुढच्या भागात आहे हे लगेच कळतं. हे वजनच खरं काम करतं. हात सैल ठेवून कोयता मोठ्या फेऱ्यात खाली आणला, की तो आपोआप वेग घेतो. आणि वेग दुप्पट झाला, तर त्यातली ऊर्जा चौपट होते, हे आपण अकरावीच्या भौतिकशास्त्रात शिकलोय. मूठ घट्ट आवळून, खांदा ताठ करून मारलं, की हा वेगच मिळत नाही. शिवाय नेमही चुकतो. आज्जीचं 'सोडणं' म्हणजे हेच.

आत वळलेल्या धारेचे दोन फायदे. एक म्हणजे फांदी बाकात अडकते, बाजूला निसटत नाही. दुसरा, काटेरी वेल चोचीनं ओढून घेता येतो, हात आत घालावा लागत नाही. सरळ पात्याची मॅशेटी उंच गवताला आणि कोवळ्या झुडपांना छान चालते, पण फांदी तोडायला बाकदार कोयता बरा.

प्रत्येक पात्याचं काम मात्र ठरलेलं असतं. हॉस्टेलमधली माझी बार्देशची मैत्रीण सांगते, तिच्या आजोबांकडे माडाची सूर काढायची काती होती आणि तिनं लाकूड तोडायला घरात कुणालाच परवानगी नव्हती. माडाची पोय रोज अगदी पातळ तासायची असते. तेवढी बारीक धार लाकडावर टिकणार कशी?

आता घाव कसा घालायचा ते. लाकडाचे तंतू फांदीच्या लांबीनं जातात. काटकोनात मारलं, की सगळे तंतू एकदम आडवे येतात आणि पातं उडतं. साधारण ४५ अंशात तिरकं मारलं, की ते तंतूंच्या मधून शिरतं. एक घाव उजवीकडून, एक डावीकडून, म्हणजे मधे खाच पडते. फांदी जाड असेल, तर खाच सुरुवातीपासूनच रुंद ठेवायची, नाहीतर पातं आत अडकतं. झाडावरची फांदी असेल, तर आधी खालून थोडी खाच घ्यायची. तसं केलं नाही, तर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते.

ओल्या फांदीत पाणी असतं, तंतू मऊ असतात. वाळलेलं लाकूड कडक होतं आणि गाठीशी तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. माझा बूट गेला तो याच कारणानं. जाड वाळक्या ओंडक्याला कुऱ्हाडच हवी.

सांभाळायच्या गोष्टी अशा: हात आणि कोयता मिळून जेवढी लांबी होते, तेवढ्या फेऱ्यात कुणी उभं नको. छोटं लाकूड जमिनीवर किंवा ओंडक्यावर ठेवून तोडायचं असेल, तर गुडघे टेकून बसा. घाव चुकला, तर पातं नडगीत न जाता मातीत जातं. हातातून सुटलेला कोयता कधी झेलू नका. चालताना तो हातात नको. आज्जी कमरेला मागं आकडी बांधून त्यात अडकवते, दोन्ही हात मोकळे राहतात. आणि दमलात की थांबा.

पावसात चूल पेटवायची वेळ आली, तर जमिनीवरचं भिजलेलं लाकूड नको, झाडावरच अडकून वाळलेली फांदी शोधा. तिची ओली साल काढून ती उभी चिरली, की आतलं लाकूड बहुधा कोरडं निघतं. त्याच्या पातळ ढलप्या काढल्या, की काडी लागते. वाळलेल्या बांबूच्या ढलप्या तर फारच लवकर पेट घेतात.

धार बोथट झाली, की पातं जास्त घसरतं, म्हणून कामाआधी कोयता दगडावर पाजवायचा. आमच्याकडचे लोहार बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता करतात. ते पोलाद तापवून त्याला पाणी देतात, मग पुन्हा हलकं तापवतात. नुसतं पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं.

एक गोष्ट मात्र ट्रेकवाल्यांनी लक्षात ठेवावी. शेतीच्या आणि घरच्या कामासाठी बनवलेली पाती शस्त्र नियमांतून वगळली आहेत. पण भीमगड किंवा म्हादई यांसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही आणि वन्यजीव कायद्याच्या 'हत्यार' या व्याख्येत सुरीसुद्धा येते. तिथं कोयता घरीच ठेवायचा. कोयता आपल्या किंवा मालकानं परवानगी दिलेल्या जमिनीवरच चालवावा.

पुण्याच्या 'कोयता गँग'च्या बातम्या आल्यापासून एसटीत कोयता दिसला, की माणसं सरकून बसतात. परवा मी आज्जीचा कोयता पोत्यात गुंडाळून लोहाराकडे नेला, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलंच, "हे कशाला गं पोरी?" म्हटलं, "सरपणाला, मावशी." मग त्या हसल्या आणि त्यांच्या माहेरच्या कोयत्याचं सांगत बसल्या.

यंदाच्या शिबिरातही झुडपं आहेतच. मी पुन्हा पुढे होणार, पण या वेळी गुडघे टेकून.