साबणाचा पहिला घाणा

गौरी-गणपतीच्या धामधुमीत दिवाळीचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पण ज्या घरात नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी घरी केलेला साबण असावा अशी इच्छा असेल, त्या घराने पंचांग आजच उघडावे. भाद्रपद शुद्ध चतुर्दशी म्हणजे अनंत चतुर्दशी, आणि आश्विन वद्य चतुर्दशी म्हणजे नरक चतुर्दशी. मध्ये अधिक मास नसेल तर या दोन चतुर्दशींमध्ये सुमारे ४४ दिवस, म्हणजे सहा आठवडे असतात. थंड पद्धतीने घातलेला साबण पिकण्यास लागतो तो हाच काळ! अनंताला निरोप देण्यापूर्वी घातलेली वडी अभ्यंगाच्या पाटाशी अगदी वेळेवर येते. पितृपंधरवड्यात नवे काम आरंभू नये, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो पाळणाऱ्यांनी तर या आठवड्यातच हात घालावा. पंधरवडाभर साबणाला तुमची गरज नसते. तो आपला आपण मुरत राहतो.

आपल्या वाडवडिलांचे स्नान तेल, उटणे, शिकेकाई आणि रिठा यांवर होत असे. साबण आला तेव्हा सोवळ्याओवळ्याच्या घरांत त्याकडे संशयाने पाहिले गेले, कारण त्यात जनावराची चरबी असल्याची शंका असे. ती शंका निराधार नव्हती. चरबी हा साबणाचा जुना कच्चा माल आहे. १९१८ च्या सुमारास अर्देशिर गोदरेज यांनी वनस्पती तेलांचा 'चावी' साबण बाजारात आणला, त्याचे अप्रूप वाटले ते याचसाठी. पुढे १९८३ मध्ये वनस्पती तुपातील चरबीच्या भेसळीचे प्रकरण देशभर गाजले आणि घरोघरी पुन्हा तीच शंका जागी झाली. घरच्या साबणात मात्र काय पडले, हे घालणारीला पक्के ठाऊक असते. भाविक मनाला हे समाधान लहान नाही.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. पिकलेल्या वडीत कॉस्टिक म्हणून काही उरत नाही; मात्र माप चुकले तर उरते आणि कातडी सोलते. म्हणून वाटीचे किंवा अंदाजाचे माप येथे चालत नाही. ग्रॅम दाखविणारा काटाच हवा. पहिल्या घाण्यासाठी खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल १५० ग्रॅम, तिळाचे १०० ग्रॅम आणि एरंडेल ५० ग्रॅम घ्यावे. या ५०० ग्रॅम तेलाला शुद्ध कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम आणि पाणी १५० ग्रॅम लागते. यात थोडे तेल मुद्दाम शिल्लक राहते, तेच त्वचेला मऊपणा देते. तेल बदलले की सोड्याचे मापही बदलते, हे विसरू नये. आपल्या भागात करडीचे तेल घरचे. परंतु पहिल्याच खेपेस सगळा साबण त्याचाच केला तर वडी मऊ राहते आणि लवकर खवट होते.

पाणी बोअरचे नको. बीडकडील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यातील क्षारांशी साबणाचा चोथा होतो. बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी किंवा स्वच्छ गाळलेले पावसाचे पाणी उत्तम.

आता सावधगिरी. कॉस्टिक सोडा डोळ्यांत गेला तर दृष्टी जाते. सणाच्या घरात लेकरे फिरत असतात, म्हणून ती शाळेत गेल्यावरच किंवा दार बंद करून हे काम करावे. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, अंगात लांब बाह्यांचे कपडे आणि खिडकी उघडी असावी. भांडे स्टीलचे, अॅल्युमिनियमचे मुळीच नको, ते सोड्याने खाल्ले जाते. हे भांडे नैवेद्याच्या किंवा स्वयंपाकाच्या कामी पुन्हा घेऊ नये. नेहमी पाण्यात सोडा सोडावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ते उसळून अंगावर येते. अंगावर उडाल्यास पंधरा ते वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. कोणी गिळल्यास उलटी करवू नये, तत्काळ दवाखाना गाठावा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून ज्या दिवशी टाकी भरलेली असेल, तोच दिवस या कामास शुभ समजावा.

सोड्याचे पाणी चांगलेच तापते. ते कोमट होऊ द्यावे, तेलही कोमट करावे आणि सोड्याचे पाणी बारीक धारेने तेलात सोडावे. मग संथपणे ढवळत राहावे. हाताने ढवळल्यास अर्धा-पाऊण तास, कधी अधिकही लागतो. मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले आणि वरून सोडलेली धार क्षणभर उमटून राहिली की समजावे, घाणा साधला. याच वेळी चमचाभर वस्त्रगाळ वाळा किंवा नागरमोथा घालावा. हळद घातली तर नवल पाहावे. ती लाल होते. हळदीला चुना लागताच तिचे कुंकू होते, ते याच न्यायाने.

कागद अंथरलेल्या लाकडी खोक्यात मिश्रण ओतून दोन दिवस झाकून ठेवावे. नंतर मोजे घालूनच आठ वड्या कापाव्यात, सावलीत वाऱ्यावर मांडाव्यात आणि आठवड्यातून एकदा उलटाव्यात. कोरडेपणा येतो तो काळाने. घाई उपयोगी नाही. घटस्थापनेला घातला तर जेमतेम चार आठवडे मिळतात. दसऱ्याला घातलेला दिवाळीस कच्चाच राहतो.

प्रत्येक वडीच्या कागदावर तिथी लिहून ठेवावी. त्यातली एक वडी आणखी एका घरासाठी ठेवावी. या जिल्ह्यातील ऊसतोडीला जाणाऱ्या काही कुटुंबांची दिवाळी फडावर, कोपीत उजाडते. गाडी भरण्यापूर्वी वडी त्यांच्या हाती द्यावी आणि ती कोणत्या दिवसापासून वापरावी, तेही सांगावे. त्या पहाटे परक्या शिवारात, तापविलेल्या घागरभर पाण्याने लेकरांना न्हाऊ घालणाऱ्या माउलीच्या हातात गावच्या तेलाचा वास दरवळेल. अभ्यंगस्नानाचे पुण्य असे वाटल्यानेच वाढते.