लालसरी : आपली हिवाळी पाहुणी

गौलीगुड्याजवळून वाहणाऱ्या मुसी नदीला सन १९०८ च्या सप्टेंबरात महापूर आला आणि हैदराबाद शहराची अपरिमित हानी झाली. असे संकट पुन्हा ओढवू नये म्हणून श्री. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने मुसी व ईसी या नद्यांवर धरणे बांधण्यात आली. १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाला. माणसाने स्वसंरक्षणार्थ अडविलेले हे पाणी दूरदेशीच्या पाखरांनाही मानवले. हिवाळ्यात आपल्या परिसरातील तलावांवर जी रानबदके उत्तरेकडून येतात, त्यांपैकी एका जातीची ओळख आज करून घेऊ. तिचे नाव लालसरी. काही जण तिला छोटी लालसरी असेही म्हणतात.

दुरून सारीच बदके सारखी भासतात. म्हणून आधी रंग न पाहता वागणूक पाहावी. थापट्या, तलवार बदक इत्यादी बदके उथळ पाण्यात डोके खाली व शेपूट वर करून चरतात. त्यांचे अर्धे अंग पाण्याबाहेरच राहते. लालसरी मात्र किंचित उसळी घेऊन पूर्णपणे बुडी मारते आणि काही क्षणांनी दुसरीकडेच वर येते. तरंगताना तिचे अंग पाण्यात अधिक खोल बसलेले असते व शेपूट पाण्याला टेकल्यासारखे दिसते. दिवसा हे थवे पुष्कळदा झोपलेले असतात. तेव्हा निरीक्षकाने धीर धरावा.

बुडी मारण्यासाठी तिची शरीररचनाही अनुकूल आहे. पाय शरीराच्या बरेच मागे असून पंजे मोठे आहेत. मागच्या बोटाला कातडीची रुंद पाळी असते. पाण्याखाली हे पाय वल्ह्यांचे काम करतात. परंतु एका कामात प्रावीण्य मिळवावयाचे तर दुसऱ्या सोयीवर पाणी सोडावे लागते! लालसरीला जमिनीवर नीट चालता येत नाही, आणि उडण्यापूर्वी पाण्यावरून काही अंतर धावत जावे लागते.

आता रंग पाहू. नराचे डोके व मान तांबूस तपकिरी, छाती काळी, पाठ व कुशी फिकट राखी, आणि डोळा लाल. चोच गडद असून तिच्यावर निळसर राखी पट्टा असतो. चोच संपूर्ण लालभडक दिसली, तर ती मोठी लालसरी समजावी. मादी साधी, तपकिरी व राखी. डोळ्याभोवती व चोचीच्या मुळाशी फिकट छटा, एवढीच तिची खूण. नरांपेक्षा माद्या हिवाळ्यात अधिक दक्षिणेस जातात, असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणून दक्षिणेत राहणाऱ्या आपण मादी ओळखावयास शिकणे अगत्याचे आहे.

ही ओळख केवळ हौसेसाठी नव्हे. युरोपापासून सैबेरियापर्यंत वीण करणारी ही जात २०१५ साली जागतिक पातळीवर असुरक्षित ठरविण्यात आली. तिचे अन्न तळाशी असते: पाणवनस्पतींची मुळे, कोंब, बिया, गोगलगायी व कीटक. सांडपाण्याने व गाळाने तलाव गढूळ झाला की तळापर्यंत प्रकाश पोहोचत नाही, आणि तेथील वनस्पती मरतात. काठावरून आपणास तलाव भरलेला दिसतो. लालसरीच्या दृष्टीने ते ताट रिकामेच असते.

डॉ. सालिम अली यांनी १९३१–३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपणही वडीलधाऱ्यांसमवेत एखाद्या हिवाळी सकाळी तलावावर जावे आणि काठाशी शांतपणे बसून तारीख, ठिकाण, जात व संख्या वहीत टिपावी. सर्वांना नुसते ‘बदके’ म्हणणाऱ्यास त्यांतील एक जात उणी झाल्याचे कळत नाही. ज्याने लालसरीला नावाने ओळखले, त्यालाच ती एखाद्या वर्षी आली नाही तर चुकल्याचुकल्यासारखे वाटेल. आणि तोच तलावाची विचारपूस करावयास जाईल.